चाळीस किलोचं लेथ की चारशे किलोचं?

मंडळी, मेकॅनिकलच्या माणसाला दोन प्रश्न कधी विचारू नयेत. एक, "बाईक कुठली घेऊ?" आणि दोन, "घरी छोटं लेथ घ्यायचंय, कुठलं घेऊ?" पहिल्या प्रश्नावर अख्खी रात्र निघते. दुसऱ्यावर चर्चा सुरूच होत नाही, कारण समोरचा आधी पोटभर हसून घेतो. "घरी? लेथ? कशाला, लाटणी करायला?"

मी मुलगी असल्यामुळे हा लाटण्याचा विनोद माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. आता लाटणं खरंच लेथवर होतं, फक्त लाकडाच्या लेथवर, एवढी साधी गोष्ट विनोद करणाऱ्याला माहीत नसते हा भाग वेगळा. असो. हसून झालं असेल तर मुद्द्यावर येऊ या.

एक सूचना आधीच देते. माझं शिक्षण दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे या लेखात जड जड पारिभाषिक शब्द सापडणार नाहीत. वर्कशॉपमध्ये जे बोलतात तेच लिहिणार आहे. तिथे टेलस्टॉकला टेलस्टॉकच म्हणतात आणि चकला चकच. मराठीच्या सरांनी मोठ्या मनाने चालवून घ्यावं!

तर मुद्दा असा, की मला घरी धातूकामाचं लेथ घ्यायचंय, आणि ते स्वस्तात बसवायचंय. पैसे माझे आहेत. तीन वर्षं गल्लीतल्या पोरांना इंग्रजी शिकवून साठवलेत. ते एकदाच खर्च होणार. बाबांचं मत लॅपटॉप घे, आईचं मत एफडी कर, आणि धाकट्या भावाचं मत 'ताईचं डोकं फिरलंय'. म्हणजे निवड चुकली तर पैसे तर जातीलच, वर "आम्ही सांगत होतो" हे पुढची दहा वर्षं ऐकावं लागेल. म्हणून गेले सहा महिने मी या एकाच विषयावर डोकं लावलंय.

आधी 'कशाला?' या प्रश्नाचं उत्तर. आयटीआयचा टर्नर ट्रेड दोन वर्षांचा असतो. दोन वर्षं तो मुलगा मशीनसमोर उभा राहतो. आपण मात्र पहिल्या वर्षाला बॅचमध्ये एका लेथभोवती दहा-बारा जण कोंडाळं करून उभे राहतो, एक प्लेन टर्निंग आणि एक टेपर मारून होतो, जर्नल 'पूर्ण' होतं, आणि आपण इंजिनिअर व्हायला लागतो. त्या कोंडाळ्यातही हँडल कोणाच्या हातात असतं? बहुतेक कॉलेजांतल्या मैत्रिणी एकच उत्तर देतात. "तुझं अक्षर छान आहे, तू रीडिंग लिही ना." अक्षर छान असण्याची एवढी मोठी शिक्षा दुसरीकडे कुठे नसेल. घरातल्या लेथचं हँडल मात्र माझ्या हातातून कोणी काढून घेणार नाही. मला लेथ हवंय त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

यावर आमच्या ग्रुपमधला सगळ्यात हुशार मुलगा म्हणतो, "अगं, आपण कोल्हापुरात राहतो. उद्यमनगरात जा, ड्रॉइंग दे, संध्याकाळी जॉब घेऊन ये. मशीन पाळायचं कशाला?" मुद्दा बिनतोड आहे. ज्या गावात चार पावलांवर फाउंड्री आणि आठ पावलांवर टर्नर आहे, तिथे नुसता जॉब हवा असेल तर लेथ घेणं हा शुद्ध वेडेपणा.

पण जॉबबरोबर त्यातली अक्कल मिळत नाही. आपण कॅडमध्ये झोकात २० एच७ लिहून मोकळे होतो. त्याचा अर्थ भोक बरोबर २० मिमी किंवा जास्तीत जास्त ०.०२१ मिमी मोठं, त्यापलीकडे नाही. हे एकवीस मायक्रॉन काय चीज आहे ते बोअरिंग बार हातात धरल्याशिवाय कळत नाही. खांद्याला भिडेपर्यंत आटे दाखवायचे आणि टूल बाहेर यायला अंडरकटच द्यायचा नाही, असं ड्रॉइंग टर्नरकडे गेलं की तो काही बोलत नाही, नुसता आपल्याकडे बघतो. ती नजर चुकवायची असेल तर शंभर जॉब स्वत: खराब करायला हवेत, आणि दुसऱ्याच्या मशीनवर कोणी शंभर जॉब खराब करू देत नाही.

घरी लेथ ही काही जगावेगळी कल्पनाही नाही. इंग्लंडात 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक १८९८ साली निघालं, तेव्हापासून तिथले कारकून आणि मास्तर घरामागच्या शेडमध्ये वाफेची इंजिनं बनवत आलेत. त्यांच्यासाठी नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनमध्ये मायफोर्ड कंपनी छोटी लेथ बनवायची. त्यांचं एमएल७ दुसरं महायुद्ध संपल्यावर लगेच आलं. मूळ कंपनी २०११ मध्ये बंद झाली, पण ती लेथ अजून चालतात. आणि आपल्याकडे? लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. ते सोडून बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी. ती आपल्या कॉलेजपासून एका दिवसात जाऊन येण्याइतकी जवळ आहे. स्वत:च्या हाताने मशीन चालवणारा मास्तर काय करू शकतो याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको.

आता खरा प्रश्न, कुठलं घ्यायचं?

बाजारात दोन जाती आहेत. पहिली, चिनी मिनी लेथ. 'सात बाय बारा', 'सात बाय चौदा' अशा नावाने मिळतं. सात म्हणजे बेडवर जास्तीत जास्त सात इंच, साधारण १८० मिमी व्यासाचा जॉब फिरेल. चौदा म्हणजे दोन सेंटर्समधलं अंतर इंचांत. जगभर हेच मशीन वेगवेगळ्या रंगांत आणि नावांनी विकलं जातं. त्यातली बरीचशी शांघायच्या सीग कंपनीची असतात. वजन चाळीस किलोच्या आसपास, घरगुती २३० व्होल्टवर चालतं, स्पीड नॉब फिरवून कमीजास्त होतो, समोर डिजिटल आकडे चमकतात. फोटोत एकदम देखणं!

दुसरी जात आपली देशी. राजकोट, बटाला, लुधियाना इथे बनणारी, किंवा कुठल्या तरी बंद पडलेल्या वर्कशॉपमधून विकायला निघालेली. आपल्याकडे ही फुटांत मोजतात: साडेचार फुटी, सहा फुटी. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हे फूट बेडच्या लांबीचे असतात, जॉबच्या नव्हे. त्याच बेडवर हेडस्टॉक आणि टेलस्टॉक बसतात, त्यामुळे जॉबला लांबी बरीच कमी उरते. वजन साधारण तीनचारशे किलोंच्या पुढे. दिसायला म्हणाल तर आजोबांच्या काळातलं. कधी खरोखरच आजोबांच्या काळातलं असतं.

कॅटलॉग वाचून निवड केली तर कोणीही पहिलं घेईल. माझं मत उलट आहे, आणि त्याला तीन कारणं आहेत.

पहिलं कारण वजन. लेथ हे असं मशीन आहे की ज्यात वजन हा दोष नसून गुण आहे. टूल धातूत घुसतं तेव्हा टूलपोस्ट, स्लाइड, बेड, हेडस्टॉक सगळे थोडे थोडे वाकतात आणि परत येतात. हे जोरात व्हायला लागलं की 'चॅटर' सुरू होतो. मशीन किंचाळतं आणि जॉबवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी उमटते. ओतीव लोखंड जितकं जाड तितकं हे कमी. चाळीस किलोच्या मशीनवर चांगलं काम होत नाही असं नाही, पण प्रत्येक कट चोरून मारावा लागतो. नवशिक्याला हे कळत नाही, आणि त्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही.

दुसरं कारण टॉर्क. इथे आपला वायवाचा फॉर्म्युला एकदाचा कामाला येतो. २५ मिमीचा एमएस बार एचएसएस टूलने मिनिटाला ३० मीटर या कटिंग स्पीडने मारायचा तर आरपीएम येतो साधारण ३८०. पण १०० मिमीची बिडाची फ्लँज मिनिटाला २० मीटरने फेस करायची तर हवेत फक्त ६४! मिनी लेथच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतं २५००. खालच्या गिअरला ते साधारण ११०० पर्यंत जातं. त्यातले ६४ म्हणजे सतरावा हिस्सा. इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलमध्ये टॉर्क फार तर तेवढाच राहतो, वाढत नाही. म्हणजे स्पीड सतरापट कमी झाला की पॉवरही सतरापट कमी. ५५० वॅटच्या मोटरचे हातात उरले तीसेक वॅट. जुन्या देशी मशीनला कोन पुली आणि बॅक गिअर असतो. तिथे स्पीड कमी केला की टॉर्क वाढतो, पॉवर जवळजवळ तेवढीच राहते. आजोबा हळू चालतात, पण थांबत नाहीत.

तिसरं कारण दुरुस्ती. जुन्या मशीनमध्ये जे तुटेल ते उद्यमनगरात बनवून मिळतं. बुश, नट, गिअर, पुली, काहीही. मिनी लेथचा कंट्रोल बोर्ड जळला तर तो मागवायचा आणि वाट बघत बसायचं. आमच्या ओळखीतल्या एकाचं मशीन असंच चार महिने टेबलावर शोभेला होतं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर लेख एकतर्फी होईल. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहत असाल, पितळ आणि ॲल्युमिनियमचे छोटे जॉब, पेन, घड्याळाचे भाग, मॉडेल इंजिन असं काम करायचं असेल, तर बिनदिक्कत मिनी लेथ घ्या. चारशे किलोचं मशीन स्लॅबवर चढवून खालच्या काकूंच्या झोपेचं खोबरं करण्यात काही शौर्य नाही. फक्त ते तयार मशीन न समजता जोडायचं किट समजा. आल्यावर पूर्ण खोला, पुसा, ग्रीस भरा, गिब नीट सेट करा, जाड प्लेटवर घट्ट बसवा. तेवढं केलं की ते बरंच सुधारतं.

आणि एक गोष्ट दोन्ही पक्षांसाठी. मशीन कितीही भारी असलं तरी जॉब स्वत: वाकतो. १० मिमीचा स्टीलचा बार चकच्या बाहेर ५० मिमी काढला आणि टोकाला फक्त १०० न्यूटन, म्हणजे दहा किलोचा जोर आला, तर तो ०.०४ मिमी वाकतो. तोच १०० मिमी बाहेर काढला तर आठपट, म्हणजे ०.३४ मिमी! स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सला आपण पाठ केलेला तो एल क्यूब इथे प्रत्यक्ष भेटतो. म्हणून टेलस्टॉकचा सेंटर लावायची सवय ही महागड्या मशीनपेक्षा स्वस्त आणि जास्त गुणकारी.

दर रोज बदलतात, त्यामुळे मी रुपयांत बोलत नाही, वाट्यांत बोलते. तुमच्याकडे शंभर असतील तर मशीनवर साठाच्या वर घालवू नका. उरलेले चाळीस लागतातच. चक, ड्रिल चक, रिव्हॉल्व्हिंग सेंटर, टूल घासायला बेंच ग्राइंडर, एचएसएसचे तुकडे, वर्नियर, मायक्रोमीटर, आणि मॅग्नेटिक स्टँडसकट डायल गेज. अख्खे शंभर मशीनवर उधळून मग कापायला टूल नाही असं झालं, तर ते लेथ कपडे वाळत घालायला कामाला येतं.

चक घेताना सगळे आधी तीन जबड्यांचा ट्रू चक घेतात, कारण जॉब पटकन धरता येतो. माझ्या मते पैसे एकाच चकचे असतील तर चार जबड्यांचा डॉग चक घ्या. ट्रू चक नावाने ट्रू असला तरी थोडा आउट मारतोच, आणि तो आउट आपल्या हातात नसतो. डॉग चकमध्ये डायल लावून एकेक जबडा सरकवत जॉब सुई हलेनाशी होईपर्यंत आणता येतो. पहिल्यांदा अर्धा तास लागतो, पन्नासाव्यांदा दोन मिनिटं. टूलच्या बाबतीतही तसंच. कार्बाइड इन्सर्टला स्पीड हवा, मजबूत मशीन हवं. एचएसएस घरी घासता येतं, कमी स्पीडला खुशाल चालतं, आणि टूल अँगल म्हणजे काय ते बोटांना कळतं.

जुनं मशीन बघायला जाताना खिशात डायल गेज आणि सोबत एखादा जाणकार माणूस न्या. उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्री मामांनी मला पहिलाच धडा दिला: "रंगाला भुलू नको बाळ. म्हातारं मशीन नवं रंगवलेलं दिसलं की समजायचं, कायतरी झाकलंय." मग त्यांनी परीक्षा शिकवली. बेड सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण सगळं काम तिथेच होतं. कॅरेज चकजवळ आणून लॉक इतपतच आवळायचा की ती जेमतेम सरकेल. मग टेलस्टॉककडे न्यायची. मधेच घट्ट होऊन अडकली तर समजा, चकजवळ बेड खाल्ला गेलाय. स्पिंडलचं बेअरिंग बघायला चकमध्ये जाड बार धरायचा, डायल लावायची आणि बार खालून वर उचलायचा. सुई हलली आणि परत आली तर प्ले आहे. बेअरिंग आवळून किंवा बदलून तो जातो का ते विचारायचं. क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश बघून घाबरायचं नाही, नट बदलता येतो. गिअरचे दात मात्र एकेक मोजून बघायचे. आणि शेवटी एक बार प्रत्यक्ष मारून बघायचा. जो विकणारा मशीन चालू करून दाखवत नाही, त्याला नमस्कार करून बाहेर पडायचं.

नावाने मशीन शोधणाऱ्यांसाठी: हरिहरला १९४१ साली सुरू झालेल्या म्हैसूर किर्लोस्करची आणि १९५३ साली बेंगळुरूला स्थापन झालेल्या एचएमटीची जुनी लेथ अजूनही लोक आदराने सांभाळतात. ती मिळाली तर भाग्य. पण नावावर जाऊ नका, डायलवर जा. नीट वापरलेलं बिननावाचं मशीन हाल झालेल्या नामवंतापेक्षा बरं.

मशीन घरी आणल्यावरची कामंही आधीच मोजा. टेम्पो, चेन ब्लॉक, चार हमाल. खाली शहाबादी फरशी असेल तर ती काढून काँक्रीट. बेड लेव्हलमध्ये नीट बसवला नाही तर त्याला पीळ पडतो, आणि मग न मागता टेपर मिळतो. एक एचपी मोटर म्हणजे ७४६ वॅट, घरातल्या ७५० वॅटच्या मिक्सरएवढीच. सुरू होताना मात्र कित्येक पट करंट ओढते. म्हणून वायरमनला बोलावून वेगळी लाइन आणि चांगलं अर्थिंग हवंच. मोटर थ्री फेज असेल तर घाबरू नका, सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी लावता येतो, फक्त मोटर २३० व्होल्टला जोडता येते का ते आधी बघा. लाइट जाऊन परत आली तर मशीन आपोआप सुरू होणार नाही असाच स्टार्टर घ्या.

आणि मैत्रिणींनो, मित्रांनो, हे गमतीने घेऊ नका: ओढणी, मोकळे केस, अंगठी आणि हातमोजे, लेथपाशी चारही बाद. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही. कॉलेजात ओरडायला इन्स्ट्रक्टर असतात, घरी कोणी नसतं.

माझा निर्णय झालाय. आमच्या घराचा पुढचा सोपा तळमजल्यावर आहे, बाबांची स्कूटर थोडी बाहेर सरकेल (याबद्दल वाटाघाटी चालू आहेत). मी साडेचार फुटी, बॅक गिअरवालं, जुनं देशी मशीन घेणार. साठ-चाळीसचा हिशेब पाळणार. दोन मशीनं बघून सोडली, एकाचा बेड गेलेला होता, दुसऱ्याच्या मालकाने ते चालूच करून दाखवलं नाही. तिसरं बघायला पुढच्या रविवारी मिस्त्री मामांबरोबर जाणार आहे.

ज्यांना एकट्याला परवडत नाही त्यांनी चौघांत मिळून घ्या. चार वर्षांत आपण प्रोजेक्टच्या नावाखाली बाहेर जेवढे पैसे देतो ते एकत्र केले तर एक जुनं मशीन नक्की उभं राहील. फक्त आधीच ठरवून टाका, की प्रत्येकाने आळीपाळीने हँडल धरायचं आणि प्रत्येकाने आळीपाळीने रीडिंग लिहायचं.